पुरुषाच्या हातची शुश्रूषा

अमेरिकेच्या काँग्रेसने ५ ऑगस्ट १८९२ रोजी एक कायदा केला. यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ या वर्षांत, लष्करी रुग्णालयांत किमान सहा महिने रुग्णांची शुश्रूषा केलेल्या आणि आता स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या परिचारिकांना दरमहा १२ डॉलर पेन्शन देण्याचा हा कायदा होता. युद्ध संपून सत्तावीस वर्षे झाली होती. अनेक जणी तोवर जगातून गेल्या होत्या. तरीही शुश्रूषा हे देशसेवेचे काम आहे, हे सरकारने प्रथमच कागदावर मान्य केले, म्हणून या कायद्याचे मोल मोठे. त्या कागदावर लाभार्थी म्हणून शब्द होता तो मात्र ‘स्त्रिया’. पुरुष परिचारकाचा उल्लेख त्यात कुठेच नव्हता.

त्याच वर्षी २६ मार्चला, न्यू जर्सी राज्यातल्या कॅम्डेन या गावी, त्या युद्धातल्या एका पुरुष परिचारकाचे निधन झाले होते. जग त्यांना कवी म्हणून ओळखते. ‘लीव्हज ऑफ ग्रास’ हा त्यांचा संग्रह इंग्रजीच्या अभ्यासक्रमात अजून वाचला जातो. त्या कवीचे नाव वॉल्ट व्हिटमन. साहित्याच्या इतिहासात त्यांच्यावर ग्रंथांमागून ग्रंथ निघाले. आरोग्यसेवेच्या इतिहासात मात्र त्यांना फारशी जागा मिळाली नाही. असे का झाले, हे समजून घेण्यासाठी त्यांच्या आयुष्याकडे थोडे वेगळ्या बाजूने पाहावे लागते.

घरातली शाळा

व्हिटमन यांचा जन्म ३१ मे १८१९ रोजी न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर वेस्ट हिल्स या खेड्यात झाला. वडील सुतार. मुले बरीच, कमाई बेताची. वॉल्ट दुसरा मुलगा. अकराव्या वर्षी शाळा सुटली आणि तो कामाला लागला. छापखान्यात खिळे जुळवणे, खेड्यातल्या शाळांत शिकवणे, वर्तमानपत्रांत लिहिणे, वडिलांच्या धंद्यात हात लावणे असे करत त्यांची तिशी उलटली. १८५५च्या जुलैत ‘लीव्हज ऑफ ग्रास’ प्रसिद्ध झाले आणि त्यानंतर आठवड्याभरात वडील वारले.

घरात आजारपण कायमचे मुक्कामाला होते. धाकटा भाऊ एडी जन्मतःच शरीराने आणि बुद्धीने अधू. थोरला भाऊ जेसी पुढे मनोरुग्ण झाला आणि १८६४च्या डिसेंबरात त्याला वेड्यांच्या रुग्णालयात दाखल करण्याची वेळ व्हिटमन यांच्यावरच आली. आणखी एक भाऊ अँड्र्यू घशाच्या आजाराने आणि दारूने १८६३च्या अखेरीस गेला. या घरात आजाऱ्याची सेवा कोणी करायची हा प्रश्न बाई की पुरुष असा सुटणारा नव्हता. जो घरी असेल त्याने करायची.

न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर त्या काळी घोड्यांच्या बस धावत. त्यांचे गाडीवान हे व्हिटमन यांचे मित्र. अपघातात जखमी झालेल्या गाडीवानांना भेटायला ते १८५०च्या दशकातच ब्रॉडवेवरच्या रुग्णालयात जात. डॉक्टरांशी ओळखी झाल्या, वॉर्डाच्या वासाची आणि कण्हण्याची सवय झाली. युद्ध सुरू होण्यापूर्वीच रुग्णाच्या खाटेजवळ न घाबरता, न घाई करता बसण्याची कला त्यांना जमली होती.

एका चुकीच्या नावाचा शोध

१८६२च्या डिसेंबरात व्हर्जिनियातल्या फ्रेडरिक्सबर्ग येथे मोठी लढाई झाली. उत्तरेच्या फौजेची त्यात भीषण हानी झाली. १६ डिसेंबरला न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात जखमींची जी यादी आली, तीत ‘जी. डब्ल्यू. व्हिटमोर’ असे एक नाव होते. भाऊ जॉर्ज त्याच पलटणीत होता. छापखान्यात वाढलेल्या व्हिटमन यांना ही नजरचूक ओळखायला वेळ लागला नाही. ते त्याच दिवशी निघाले. वाटेत फिलाडेल्फियाला गाडी बदलताना खिसा कापला गेला. वॉशिंग्टनमध्ये जवळ एक पैसा नसताना दोन दिवस ते एकेक रुग्णालय पालथे घालत होते. जॉर्ज तिथे नव्हता. तो फॉलमथच्या छावणीत होता, आणि गालावरच्या जखमेपलीकडे त्याला फारसे काही झालेले नव्हते.

पण छावणीकडे जाताना जे दिसले ते व्हिटमन विसरू शकले नाहीत. लेसी हाउस नावाच्या मोठ्या घरात तात्पुरते रुग्णालय होते. दारापासून थोड्या अंतरावर एका झाडाखाली कापलेल्या पायांचा, हातांचा, पंजांचा ढीग पडला होता. एका घोड्याची गाडी भरावी एवढा.

या ढिगाचे कारण वैद्यकीय होते. त्या युद्धात वापरली जाणारी शिशाची ‘मिनिए’ गोळी मऊ आणि जड असे. हाडावर आदळली की ती चपटी होई आणि हाडाच्या ठिकऱ्या उडवी. कपड्याची चिंधी आणि माती जखमेत ओढून नेई. क्लोरोफॉर्म आणि ईथर उपलब्ध होते, त्यामुळे शस्त्रक्रिया बेशुद्धीत होत. पण हात धुण्याची, हत्यारे उकळण्याची कल्पना नव्हती. जोसेफ लिस्टर यांचे जंतुनाशक शस्त्रक्रियेवरचे लेख १८६७मध्ये आले, युद्ध संपल्यावर दोन वर्षांनी. तोपर्यंत कुजणाऱ्या जखमेतून जीव वाचवायचा तर अवयव कापणे हाच मार्ग सर्जनांना दिसत होता.

२८ डिसेंबरला जखमींची एक तुकडी आगगाडीने आणि पुढे बोटीने वॉशिंग्टनला निघाली. व्हिटमन त्यांच्याबरोबर होते. बोटीवर ते एकेकापाशी जाऊन आईवडिलांसाठी, बायकोसाठी निरोप लिहून घेत होते. काही दिवसांसाठी आलेला हा माणूस मग वॉशिंग्टनमध्येच राहिला. लष्कराच्या पगार वाटणाऱ्या कचेरीत रोज काही तास नकला उतरवण्याचे काम त्यांनी मिळवले. पोटापुरते सुटत होते. उरलेला वेळ रुग्णालयांचा.

औषधाने जे होत नव्हते

या युद्धातल्या मृत्यूंचा हिशेब आज सुन्न करतो. मेलेल्या दर तीन सैनिकांपैकी साधारण दोन जण गोळीने नव्हे, तर आजाराने गेले. हगवण, अतिसार, विषमज्वर, न्यूमोनिया, गोवर. खेड्यापाड्यांतून आलेली अठरा-वीस वर्षांची मुले दाटीच्या छावण्यांत, दूषित पाण्यावर राहत होती. डॉक्टरांकडे अफू होती आणि कॅलोमेल हे पाऱ्याचे औषध होते. कॅलोमेलने दात पडत, गाल सडत. अपाय इतका, की १८६३मध्ये सर्जन जनरल विल्यम हॅमंड यांनी ते लष्कराच्या औषधयादीतून काढून टाकले आणि अनेक डॉक्टरांचा रोष ओढवून घेतला.

अशा काळात रुग्णाला खरोखर उपयोगी पडणाऱ्या गोष्टी कोणत्या होत्या? स्वच्छ अंथरूण, पाणी, दूध, वेळेवर भरवलेला घास, झोप आणि कोणीतरी लक्ष ठेवून आहे ही खात्री. म्हणजे शुश्रूषाच. डॉक्टरांच्या उपचारांपेक्षा परिचारकाच्या कामाने जीव वाचण्याची शक्यता त्या काळी अनेकदा जास्त होती.

मॅसॅच्युसेट्सच्या पलटणीतल्या जॉन होम्स या जवानाची हकीकत व्हिटमन यांनी १८६३च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात लिहिली. अतिसाराने खंगलेला हा मुलगा थंडीत उघड्या गाडीतून, बोटीवरून, हेळसांड सोसत रुग्णालयात पोचला होता. कोणी त्याच्याकडे धड पाहिले नव्हते आणि त्याने जगण्याची आशा सोडली होती. व्हिटमन त्याच्या खाटेपाशी बसले. आईला पत्र लिहून दिले. वॉर्डात दूध विकायला येणाऱ्या बाईकडून दूध घ्यावेसे त्याला वाटत होते, पण जवळ पैसे नव्हते. व्हिटमन यांनी थोडी नाणी दिली आणि तो मुलगा रडू लागला. पुढे ते रोज येत राहिले. होम्स बरा झाला. आपण वाचलो ते त्या दिवशी हा माणूस खाटेजवळ थांबला म्हणून, अशी त्याची धारणा होती. यात चमत्कार शोधण्याचे कारण नाही. अतिसाराच्या रुग्णाच्या पोटात पातळ अन्न जाऊ लागले, त्याने अन्न नाकारणे थांबवले, आणि शरीराला सावरायला सवड मिळाली.

व्हिटमन यांची पद्धत ठरलेली होती. वॉर्डात जाण्याआधी अंघोळ, स्वच्छ कपडे, पोटभर जेवण आणि थोडी विश्रांती. सहा फुटांचा धिप्पाड, दाढी पांढरी झालेला, लाल चेहऱ्याचा हा माणूस खांद्याला झोळी अडकवून येई. झोळीत संत्री, सफरचंदे, बिस्किटे, मुरंबे, तंबाखू, पाकिटे, तिकिटे, कोरे कागद आणि लहान रकमेच्या कोऱ्या नोटा. एका छोट्या वहीत खाटेचा क्रमांक, जवानाचे नाव, पलटण, जखम आणि त्याला काय हवे आहे, याची नोंद. कोणाला तांदळाची खीर, कोणाला लोणचे, कोणाला वाचायला काही. आजच्या भाषेत ती ‘नर्सिंग नोट्स’चीच वही. पैसा स्वतःच्या पगारातला आणि बॉस्टन, ब्रुकलिनच्या मित्रांकडून मागून आणलेला. भाऊ जेफ ब्रुकलिनच्या पाणीपुरवठा खात्यात होता, तिथले सहकारीही दर महिन्याला वर्गणी काढत. १८६४च्या जूनमधल्या उकाड्यात कार्व्हर रुग्णालयाच्या पंधरा वॉर्डांत त्यांनी आइस्क्रीम वाटले. खेड्यातून आलेल्या कित्येक मुलांनी ते पहिल्यांदाच चाखले.

सर्वांत जास्त वेळ ते आर्मरी स्क्वेअर रुग्णालयात घालवत. बोटींचा धक्का आणि रेल्वे जवळ असल्याने हलवता न येणारे, अगदी वाईट अवस्थेतले जखमी तिथे उतरवले जात आणि वॉशिंग्टनच्या रुग्णालयांत तिथला मृत्युदरही फार मोठा होता. १८६४च्या जानेवारीत लुई ब्राऊन या मेरीलँडच्या तरुणाचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. शस्त्रक्रिया चालू असताना व्हिटमन दारात उभे होते. पुढच्या रात्री ते वॉर्डातच झोपले, त्या मुलाला जाग येईल तेव्हा ओळखीचा चेहरा दिसावा म्हणून. लुई वाचला.

सगळे वाचत नव्हते. पलटणीत बासरी वाजवणारा इरॅस्टस हॅस्केल विषमज्वराने अंथरुणाला खिळला होता. फारसे न बोलणारा, कशाचीच तक्रार न करणारा. त्याची छोटी बासरी खाटेजवळ ठेवलेली असे. बरा झालास की मला काहीतरी वाजवून दाखव, असे व्हिटमन यांनी त्याच्याकडून कबूल करून घेतले होते. २ ऑगस्ट १८६३ला तो गेला. आठवड्याभराने व्हिटमन यांनी त्याच्या आईवडिलांना लांबलचक पत्र पाठवले. मुलगा शेवटच्या दिवसांत कसा दिसत होता, काय म्हणाला, कोणी काय केले, सगळे त्यात होते. खोटा दिलासा मात्र नव्हता. मरणाऱ्याच्या नातेवाइकांशी कसे बोलावे हे आज वैद्यकीय अभ्यासक्रमात शिकवले जाते. व्हिटमन यांची अशी पत्रे त्या वर्गात वाचून दाखवावीत अशी आहेत.

तीन वर्षांत त्यांनी स्वतःच्या अंदाजाने सहाशेहून अधिक फेऱ्या केल्या आणि ऐंशी हजार ते एक लाख जखमी-आजाऱ्यांपर्यंत ते पोचले. त्यात उत्तरेचे जवान होते, दक्षिणेचे पकडलेले बंडखोर होते, कृष्णवर्णीय सैनिकही होते.

संशयाची नजर

या कामाचे सर्वांनी स्वागत केले असे नाही. आर्मरी स्क्वेअरमध्येच काम करणाऱ्या हॅरिएट हॉली या परिचारिकेने पतीला लिहिलेल्या पत्रात व्हिटमन यांच्याविषयीची चीड लपवली नाही. हा माणूस आपल्या मुलांच्या मनात पाप आणि अश्रद्धा भरवायला येतो, त्यापेक्षा प्रत्यक्ष सैतान वॉर्डात आलेला पत्करला, असा तिचा भाव होता. हॉली स्वतः तळमळीने काम करणारी बाई होती. तिच्या रागामागे ‘लीव्हज ऑफ ग्रास’ची बदनामी होती. त्या पुस्तकात शरीराविषयी ज्या मोकळेपणाने लिहिले होते, त्यामुळे सभ्य घरांत ते उघडपणे ठेवले जात नसे. त्यात हा गृहस्थ चाळिशी ओलांडलेला, अविवाहित, सैन्यात नसलेला, आणि तरुण मुलांच्या खाटांवर बसून त्यांचे हात हातात घेणारा, निरोप घेताना कपाळाचे चुंबन घेणारा.

गंमत अशी, की त्या युद्धात शुश्रूषा करणाऱ्यांत बहुसंख्य पुरुषच होते. डोरोथिआ डिक्स या बाईंच्या देखरेखीखाली सुमारे तीन हजार स्त्रिया परिचारिका म्हणून नेमल्या गेल्या. वय तीस उलटलेले हवे, पोशाख साधा हवा, केसांच्या बटा आणि दागिने नकोत, असे डिक्सबाईंचे कडक नियम. पण रुग्णालयांत लाखो जखमी येत होते. त्यांना उचलणे, पुसणे, भरवणे, भांडी टाकणे, रात्री जागणे ही कामे बहुतांश अर्धवट बरे झालेले सैनिकच करत. त्यांची नोंद मात्र सैनिक अशीच राहिली. पेन्शन मिळाले ते बंदूक धरल्याबद्दल. बेडपॅन धरल्याचा हिशेब कोणत्याच वहीत गेला नाही. पुरुषाने केलेली शुश्रूषा अशी कागदावरून पुसली गेली, आणि मग शुश्रूषा हे पुरुषाचे काम नव्हेच, असे म्हणणे सोपे झाले.

व्हिटमन यांचे पुरुषांवर प्रेम होते, हे त्यांच्या कवितांवरून आणि पीटर डॉइल या ट्रामच्या कंडक्टरशी असलेल्या त्यांच्या दीर्घ जिव्हाळ्यावरून अभ्यासकांनी पुष्कळ मांडले आहे. ते दडवण्याचे कारण नाही. पण परिचारकाच्या कामाचे मोजमाप रुग्णाच्या हितावरून होते. लुई ब्राऊनला जाग आली तेव्हा शेजारी कोणीतरी होते, होम्सच्या पोटात दूध गेले, हॅस्केलच्या आईला मुलाची अखेर कळली. पुरुष मायेने वागला की त्याच्या पुरुषपणावर शंका घ्यायची, आणि ती शंका हाच त्याच्या कामावरचा आक्षेप ठरवायचा, ही रीत व्हिटमन यांच्या काळात होती. नर्सिंग शिकणाऱ्या मुलग्यांना ती आजही ओळखीची वाटते.

संशय नोकरीपर्यंतही आला. १८६५च्या जानेवारीत व्हिटमन यांना अंतर्गत खात्यात कारकुनी मिळाली. जूनअखेर खात्याचे नवे मंत्री जेम्स हार्लन यांनी त्यांना काढून टाकले. मेजाच्या खणात सापडलेली, स्वतःच्या दुरुस्त्या केलेली ‘लीव्हज ऑफ ग्रास’ची प्रत हे निमित्त. मित्र विल्यम ओकॉनर यांनी धडपड करून दुसऱ्याच दिवशी त्यांना ॲटर्नी जनरलच्या कचेरीत लावून दिले आणि पुढे त्यांच्या बचावासाठी एक पुस्तिका लिहिली. तिच्यात रुग्णालयांतली सेवा हा चारित्र्याचा मोठा पुरावा होता. तीन वर्षे ज्या कामाकडे लोक वाकड्या नजरेने पाहत होते, तेच आता सज्जनपणाचा दाखला म्हणून पुढे करावे लागले.

चार गुण

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत. वैद्य, औषध, परिचारक आणि रुग्ण. परिचारकाच्या अंगी चार गुण हवेत असे तिथे म्हटले आहे. उपचारांचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी अनुराग आणि शुचिता. तो स्त्री असावा की पुरुष, ही अट त्या चारांत नाही. आपल्याकडेही ‘परिचारिका’ हा शब्द पुढे असा रुळला, की त्याचे पुल्लिंगी रूप उच्चारताना जीभ अडखळते.

या चार गुणांवर व्हिटमन यांना पारखले तर पहिल्यात ते कमी पडतात. त्यांनी शिक्षण घेतले नव्हते आणि जखमा बांधण्याचे काम त्यांच्याकडे क्वचितच आले. तरी युद्धावरच्या ज्या कवितेत ते खाटेखाटेवरून फिरतात, तिला १८६५मध्ये त्यांनी नाव दिले होते ‘द ड्रेसर’. आपल्या सरकारी रुग्णालयांत ड्रेसर हे पद आजही आहे आणि त्या खुर्चीवर बहुधा पुरुषच असतो. उरलेले तीन गुण व्हिटमन यांच्यापाशी भरपूर होते.

त्याची किंमतही त्यांनी मोजली. १८६४च्या जूनमध्ये डोके जड होणे, घसा धरणे, भोवळ येणे असा त्रास सुरू झाला आणि डॉक्टरांनी त्यांना सक्तीने घरी धाडले. पूर्वीची प्रकृती पुन्हा आली नाही. १८७३च्या जानेवारीत पक्षाघाताचा झटका येऊन डावी बाजू लुळी पडली. आपल्या दुखण्याचे मूळ रुग्णालयांतल्या त्या वर्षांत आहे, असे ते नेहमी मानत. पक्षाघाताचा संबंध त्या वर्षांशी जोडणे आजच्या वैद्यकाला पटणार नाही. पण मृत्यूनंतर शवविच्छेदन झाले तेव्हा शरीरभर क्षय पसरलेला आढळला. डावे फुप्फुस निकामी होते आणि उजव्याचाही थोडाच भाग कामाचा उरला होता. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी शोधला तो १८८२मध्ये. दाटीच्या वॉर्डांत तासन्‌तास रुग्णाच्या तोंडाजवळ तोंड नेऊन बसणाऱ्या माणसाला त्या जंतूची वार्ताही नव्हती.

दार बंद होत गेले

युद्धानंतर नर्सिंगला शिस्त आली. लंडनला फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६० साली घालून दिलेल्या धड्यावर १८७३मध्ये न्यूयॉर्क, न्यू हेवन आणि बॉस्टन येथे प्रशिक्षणशाळा निघाल्या. स्त्रियांना घराबाहेर सन्मानाचे काम मिळाले, ही मोठी गोष्ट घडली. पण त्याचबरोबर शुश्रूषा हा बाईचा निसर्गधर्म आहे, हा समजही शाळेच्या दारावर कोरला गेला. निसर्गधर्मच म्हटला की त्याला पगार कशाला चांगला द्यायचा? यात स्त्रियांचे नुकसान झाले. आणि ज्या पुरुषांना हे काम करायचे होते त्यांच्यासाठी दार बंद झाले. न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात १८८८ साली पुरुषांसाठी मिल्स शाळा निघाली, तशा शाळा मोजक्याच. त्यांतून शिकलेल्यांना बहुधा मनोरुग्णांच्या आणि गुप्तरोगांच्या वॉर्डांत पाठवत. तिथे नाजूकपणापेक्षा अंगातली ताकद उपयोगी, हा हिशेब.

१९०१मध्ये अमेरिकेच्या सैन्याचे परिचर्या दल स्थापन झाले ते फक्त स्त्रियांसाठी. दोन महायुद्धे झाली. रीतसर शिकलेले पुरुष नर्स सैन्यात भरती झाले, पण नर्स म्हणून अधिकारपद त्यांना मिळाले नाही. १९५५च्या ऑक्टोबरात एडवर्ड लायन या दलातले पहिले पुरुष अधिकारी झाले. १९८२मध्ये मिसिसिपीतल्या एका सरकारी महिला विद्यापीठाने जो होगन यांना ते केवळ पुरुष आहेत म्हणून नर्सिंगला प्रवेश नाकारल्याचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी होगन यांच्या बाजूने निकाल दिला. निकाल लिहिला तो त्या न्यायालयाच्या पहिल्या स्त्री न्यायाधीश सँड्रा डे ओकॉनर यांनी. पुरुषांना बाहेर ठेवल्याने नर्सिंग हे बायकांचेच काम हा समज पक्का होतो, हे त्यांनी त्यात स्पष्ट केले. व्हिटमन लेसी हाउसच्या त्या ढिगापाशी उभे राहिले त्याला तेव्हा एकशेवीस वर्षे होत आली होती.

मिकल स्ट्रीटवरचे घर

१८८७ साली काही मित्रांनी काँग्रेसमध्ये एक विधेयक मांडवून घेतले. युद्धातल्या शुश्रूषेबद्दल व्हिटमन यांना दरमहा २५ डॉलर पेन्शन मिळावे, असे त्यात होते. आर्मरी स्क्वेअरचे मुख्य सर्जन डॉ. विलर्ड ब्लिस यांनी पाठिंब्याचे पत्र दिले. रुग्णालयांत मदतीला आलेल्यांपैकी या माणसाइतके भले दुसऱ्या कोणी केले नाही, अशा आशयाची त्यांची साक्ष होती. समितीने अनुकूल मत दिले. व्हिटमन यांनाच ही कल्पना रुचली नाही. त्या कामाचे पैसे त्यांना नको होते. विधेयक तिथेच राहिले.

कॅम्डेनच्या मिकल स्ट्रीटवर त्यांचे छोटे लाकडी घर होते. १८८८च्या जूनमध्ये पुन्हा झटके आले आणि ते जवळजवळ अंथरुणालाच खिळले. मग त्यांच्या शुश्रूषेसाठी माणसे ठेवावी लागली. ते सगळे पुरुष. त्यातला एक, एडवर्ड विल्किन्स, कॅनडाहून आला होता. शेवटची अडीच वर्षे हे काम वॉरन फ्रिट्झिंगर या तरुणाने केले. घर सांभाळणाऱ्या मेरी डेव्हिस यांनी वाढवलेला हा मुलगा आधी जहाजावर खलाशी होता. दोरखंड ओढलेल्या हातांनी त्याने अंग चोळून देण्याची विद्या शिकून घेतली. अखेरच्या महिन्यांत एलिझाबेथ केलर या शिकलेल्या परिचारिका आल्या. औषधे, तापमान, नोंदी त्यांनी पाहिल्या. उचलणे, बसवणे, कूस बदलणे वॉरन करत राहिला. दोघांनी काम वाटून घेतले होते आणि रुग्णाला दोघेही हवे होते.

त्या अखेरच्या दिवसांत व्हिटमन यांना एका कुशीवर फार वेळ पडवत नसे. खालच्या बाजूला वेदना होत. दिवसरात्र थोड्या थोड्या वेळाने त्यांना वळवावे लागे. २६ मार्चच्या संध्याकाळी बाहेर पाऊस होता. शेवटचे जे काही ते बोलले, ते वॉरनला उद्देशून होते. कूस बदलून दे, एवढेच त्यांना सांगायचे होते. वॉरनने त्यांना वळवले.